एका लॅबमध्ये होमा-आयआर ३.४, दुसरीत २: इन्सुलिन रेझिस्टन्स नक्की मोजायचा कसा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३४, हिंजवडीत आयटीत, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो, कंबर ९४ सेंटिमीटर, वडिलांना डायबेटिस. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये फास्टिंग शुगर ९६, फास्टिंग इन्सुलिन १४.२, त्यावरून होमा-आयआर (उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांवरून काढलेला अंदाज) ३.४ आणि पुढे लाल अक्षरात ‘इन्सुलिन रेझिस्टन्ट’, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. घाबरून तीन आठवड्यांनी दुसऱ्या लॅबचा माणूस घरी बोलावलात तर शुगर ९८, इन्सुलिन ८.१, म्हणजे होमा २ च्या किंचित खाली. आता विचारताय की यातलं खरं कुठलं, ‘क्लॅम्प’ नावाची गोल्ड स्टँडर्ड टेस्ट पुण्यात कुठे करून मिळेल, की सरळ दंडावर सीजीएमचा, म्हणजे साखर सतत मोजणारा, पॅच लावून टाकू. आणि जाता जाता, बहिणीला पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा आजार) आहे तर तिनेही होमा करावा का.

मी पुण्यात डायबेटिस आणि हार्मोन्सची ओपीडी बघते, त्याआधी काही वर्षं एका रिसर्च युनिटमध्ये होते, तिथे क्लॅम्प स्वतः उभं राहून केलेत. त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते. अशी दोन रिपोर्ट घेऊन बसलेली माणसं हल्ली ओपीडीत सारखी येतात आणि बहुतेकांनी चुकीच्या आकड्यावर झोप उडवून घेतलेली असते.

खरा घोळ असा आहे की तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. पहिला प्रश्न, माझं शरीर इन्सुलिनला किती दाद देतं. दुसरा, माझी साखर बिघडायला लागली आहे का. पहिल्याचं उत्तर वाईट असूनही दुसऱ्याचं उत्तर वर्षानुवर्षं चांगलं राहू शकतं, कारण स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेत असतं. म्हणजे साखर नॉर्मल पण ती नॉर्मल ठेवायला शरीराला दुप्पट मेहनत पडतेय. होमा, क्लॅम्प वगैरे पहिल्या प्रश्नासाठी, जीटीटी (ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची टेस्ट) आणि एचबीएवनसी दुसऱ्यासाठी, आणि सीजीएम बिचारा दोन्हीच्या मध्ये उगाच ओढला जातो. तुमच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्टमध्ये आधीच आहे, तेही इन्सुलिनच्या आकड्याला हात न लावता, आणि जे उत्तर खरंच हवंय त्याची टेस्ट दोन्ही पॅकेजमध्ये कोणी केलेलीच नाही. ते कसं ते सांगते, पण आधी मोजतात कसं ते समजून घ्या, नाहीतर माझ्यावर विश्वास तरी का ठेवाल.

हा विचार जुना आहे. १९३६ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी डायबेटिसच्या पेशंटना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकदम देऊन बघितलं. काहींची साखर इन्सुलिनने दाबली गेली, काहींची ढिम्म हलली नाही. तेव्हा रक्तातलं इन्सुलिन मोजायची सोयच नव्हती, ती १९६० च्या आसपास यॅलो आणि बर्सन यांच्या, किरणोत्सर्गी खूण लावून मोजायच्या, रेडिओइम्युनोअ‍ॅसेने आली, ज्यासाठी रोझलिन यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बाहेरून ठरावीक इन्सुलिन द्यायचं आणि शरीर त्याला काय उत्तर देतं ते बघायचं, ही मूळ कल्पना मात्र आजही तीच आहे. क्लॅम्प म्हणजे याचंच काटेकोर रूप, आणि त्याची आज वापरतात ती पद्धत डीफ्रॉन्झो, टोबिन आणि अँड्रेस यांनी १९७९ मध्ये छापली.

क्लॅम्प प्रत्यक्षात कसा असतो ते कुठे नीट लिहिलेलं नसतं म्हणून सांगते. माणूस रात्रभर उपाशी. सकाळी एका हातात सलाईनची सुई, तिच्यातून पंपाने इन्सुलिन जातं, साधारण दर किलोला दर मिनिटाला १ मिलियुनिट किंवा शरीराच्या दर चौरस मीटरला ४० मिलियुनिट, आणि ते शेवटपर्यंत बदलायचं नाही. त्यामुळे रक्तातलं इन्सुलिन १०० च्या आसपास जाऊन थांबतं. तुमच्या फास्टिंग १४ शी तुलना करा म्हणजे किती जास्त ते कळेल. आता साखर पडणार, ती पडू द्यायची नाही, म्हणून शेजारच्या पंपातून २० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज. दुसरा हात साधारण ५५ अंशांच्या गरम हवेच्या पेटीत, कारण हात गरम केला की शिरेतलं रक्त जवळजवळ धमनीच्या रक्तासारखं होतं आणि आकडा खरा येतो. त्या हातातून दर पाच मिनिटांनी थोडं रक्त काढायचं, खाटेशेजारच्या मशीनवर लगेच शुगर बघायची, एक जण आकडा ओरडून सांगतो, ८४, की दुसरा डेक्स्ट्रोजचा रेट वाढवतो, पुढचा ९३ आला की जरा कमी. ध्येय ९०. हे दोन तास. मध्ये पोटॅशियम खाली जातं म्हणून त्याच्यावरही लक्ष ठेवावं लागतं. पेशंटला पेटीतल्या हाताला घाम फुटलेला असतो, भूक लागलेली असते आणि लघवीला जायचं असतं, आणि जाता येत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात साखर स्थिर राहते तेव्हा किती डेक्स्ट्रोज सोडावं लागलं ते मोजायचं. गच्चीवरच्या टाकीचा खालचा नळ चालू आहे आणि लेव्हल हलू द्यायची नाही, तर वरून जितकं पाणी सोडावं लागेल तितकंच खालून चाललंय, इतकं साधं ते गणित. इथे खालचा नळ म्हणजे मुख्यतः स्नायू, त्या वेळी शरीरात जाणाऱ्या ग्लुकोजचा मोठा वाटा तेच घेतात. समजा ७० किलोच्या माणसाला मिनिटाला १.७५ मिलिलिटर डेक्स्ट्रोज लागलं. २० टक्के म्हणजे मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे मिनिटाला ३५० मिलिग्रॅम, किलोमागे ५. याला एम व्हॅल्यू म्हणतात. ढोबळमानाने साडेसातच्या वर असेल तर शरीर इन्सुलिनला छान दाद देतंय, ४ च्या खाली असेल तर चांगलाच रेझिस्टन्स. त्यातही गृहीत असं धरलेलं असतं की एवढ्या इन्सुलिनपुढे लिव्हरने स्वतःची साखर सोडणं बंद केलंय. ज्यांचं लिव्हरच ऐकत नाही त्यांच्यात हे खरं नसतं, मग ड्युटेरियम लावलेलं ग्लुकोज वापरून लिव्हरचा हिशोब वेगळा काढावा लागतो. सांगायचा मुद्दा, गोल्ड स्टँडर्डलाही त्याच्या अटी आहेत.

आता, ही टेस्ट पुण्यात पेशंट म्हणून पैसे भरून करायच्या भानगडीत पडू नका. हे रिसर्चचं काम आहे, एथिक्स कमिटीच्या परवानगीने, डॉक्टर पूर्ण वेळ शेजारी उभे असताना करायचं. आणि समजा झालीच आणि तुमची एम व्हॅल्यू ४.६ आली, तर मी तुम्हाला त्यावरून वेगळं काय सांगणार? काहीच नाही. एम व्हॅल्यूवर कुठलंही औषध सुरू किंवा बंद होत नाही. क्लॅम्पचा खरा उपयोग म्हणजे एखादं औषध किंवा व्यायाम स्नायूंवर काम करतो का ते शोधणं, आणि स्वस्त टेस्ट कितपत खऱ्या आहेत हे त्यांना क्लॅम्पसमोर उभं करून ठरवणं. शिरेतून एकदम ग्लुकोज देऊन तीन तास सॅम्पल घेण्याची आणखी एक पद्धत आहे, बर्गमन यांचं मिनिमल मॉडेल, तेही १९७९ चंच. त्यात इन्सुलिन किती सुटतं तेही कळतं, पण सॅम्पल खूप आणि गणित कॉम्प्युटरवर, त्यामुळे तेही तुमच्या कामाचं नाही.

मग होमा. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅथ्यूज आणि मंडळींनी हे मॉडेल मांडलं. फास्टिंग शुगर गुणिले फास्टिंग इन्सुलिन भागिले ४०५. तुमचं ९६ गुणिले १४.२ भागिले ४०५ म्हणजे ३.३७, आणि दुसरं ९८ गुणिले ८.१ भागिले ४०५ म्हणजे १.९६. गणित दोन्ही लॅबचं बरोबर आहे. पण हे उपाशीपोटीचं मोजमाप आहे हे लक्षात घ्या. रात्रभर उपाशी असताना साखर येते कुठून? लिव्हरमधून, किलोमागे मिनिटाला साधारण २ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या वजनाला तासाला आठ-साडेआठ ग्रॅम. इन्सुलिनचं त्या वेळचं मुख्य काम लिव्हरला आवरणं. म्हणून होमा मुख्यतः लिव्हरबद्दल सांगतो, क्लॅम्प मुख्यतः स्नायूंबद्दल. हजार माणसांचा अभ्यास करायचा असेल तेव्हा होमा उत्तम आहे, गटात होमा आणि क्लॅम्प एकच कल दाखवतात. एकट्या माणसाच्या एका सकाळवर मात्र त्याने निकाल देऊ नये, आणि लाल अक्षरात तर मुळीच देऊ नये.

दोन लॅबमध्ये एवढा फरक का आला? पहिलं कारण मशीन. शुगर मोजण्याची पद्धत जगभर एका मापाला जोडलेली आहे, इन्सुलिनची अजून तशी नाही, प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी, आणि एकच सॅम्पल दोन मशीनवर घातलं तर दीडपट ते दुपटीपर्यंत फरक पडलेला दिसलाय. दुसरं, इन्सुलिन रक्तात सरळ रेषेत नसतं, स्वादुपिंड ते दर काही मिनिटांनी लाटेसारखं सोडतं. म्हणूनच नीट होमा करायचा तर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन सॅम्पल घेऊन सरासरी काढायची असते. कुठलंही पॅकेज हे करत नाही. तिसरं, सॅम्पलचे हाल. घरी येणारा मुलगा सकाळी साडेसहाला वारज्यात एक, कर्वेनगरला दोन, कोथरूडला चार सॅम्पल घेत घेत दहा-अकराला लॅबला पोचतो. बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला रूटच तसा दिलेला असतो. पण सुई नीट न लागून लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं आणि आकडा खोटा कमी येतो. साखरेचंही तेच, साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर तासाला ५ ते ७ टक्के साखर पेशीच संपवतात. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये हे थांबतं, पण लगेच नाही, पहिला तास-दोन तास गळती चालूच असते. म्हणजे तुमची ९८ कदाचित १०० च्या वर असेल, आणि १०० ही प्रीडायबेटिसची रेघ आहे.

आणि चौथं, तुम्ही स्वतः. तुम्ही लिहिलंय की पहिल्या टेस्टच्या आधी रिलीजमुळे चार-पाच रात्री जागरण होतं आणि दुसऱ्याच्या आधी जिम सुरू केलं होतंत. झोप तुटली की काही रात्रींतच शरीर इन्सुलिनला कमी दाद द्यायला लागतं, आणि दणकून व्यायाम केला की पुढचा एक-दोन दिवस स्नायू जास्त दाद देतात. सर्दी-ताप, स्टेरॉइडच्या गोळ्या, हे सगळं त्यात धरा. अजून एक गोष्ट विचारते, मधल्या काळात केसांसाठी बायोटिनची गोळी सुरू केलीत का? बऱ्याच मशीनमध्ये बायोटिनची रासायनिक जोडी वापरलेली असते आणि जास्त डोसच्या गोळीने इन्सुलिन खोटं कमी दिसू शकतं, थायरॉइडच्या टेस्टही बिघडतात. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवावी.

तर कुठलं खरं? दोन्ही खरे आणि दोन्हीपैकी कुठलाही टांगून ठेवण्याच्या लायकीचा नाही. पुढे कधी इन्सुलिन करायचंच असेल तर त्याच लॅबमध्ये, लॅबला स्वतः जाऊन, तसंच झोपून उठून, आणि तुलना फक्त स्वतःच्या आधीच्या आकड्याशी. रिपोर्टवर छापलेली २.५ ची रेघ म्हणाल तर अशा रेघा सहसा एखाद्या गटातल्या डायबेटिस नसलेल्या माणसांमध्ये वरचा पाव हिस्सा कुठे सुरू होतो त्यावरून काढलेल्या असतात, गट बदलला की रेघ बदलते.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या, कारण यात लोक खरंच फसतात. होमा कमी झाला म्हणजे सुधारणा झाली असं नसतं. समजा काही वर्षांनी तुमची फास्टिंग १३० आणि इन्सुलिन ७ आलं. होमा येईल २.२५, आजच्या ३.३७ पेक्षा ‘चांगला’. पण १३० म्हणजे डायबेटिस झालाय आणि इन्सुलिन कमी दिसतंय कारण स्वादुपिंड थकलंय. दाद किती आणि इन्सुलिन सोडायची ताकद किती, हे दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय एकट्याला अर्थ नाही. ओपीडीत एका गृहस्थांनी मला तीन वर्षांचे होमा एक्सेलमध्ये ग्राफ काढून आणून दाखवले होते, रेघ छान खाली येत होती, आणि शेजारच्या कॉलममधली शुगर दर वर्षी वर चढत होती. त्यांनी तो कॉलम ग्राफमध्ये घेतलाच नव्हता. त्यांना समजावून सांगताना मला फार वाईट वाटलं कारण माणूस मनापासून मेहनत घेत होता, फक्त चुकीच्या आकड्यावर.

आता तुमच्या रिपोर्टमध्ये आधीच लिहिलेल्या उत्तराकडे येते. कंबर ९४, आपल्याकडच्या पुरुषांची मर्यादा ९०, शिवाय ती उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर. एचडीएल ४० च्या खाली. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (डायबेटिस आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या गोष्टी एकत्र येणं) पाच खुणांपैकी तीन झाल्या, उरलेल्या दोन म्हणजे बीपी आणि फास्टिंग शुगर. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागलं तर साडेपाच येतं, आणि पोटावर चरबी आणि रक्तात अशी चरबी असलेल्या माणसात इन्सुलिन रेझिस्टन्स असतोच असं धरून चालायला हरकत नाही. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तीही खूण, आरशात बघा. बऱ्याच जणांना तो मळ वाटतो आणि घासून घासून कातडी लाल करून येतात.

तुम्ही म्हणाल माझा बीएमआय २४, मी जाड कुठे आहे. हा प्रश्न पुण्यात विचारलात हे बरं केलंत. केईएम हॉस्पिटल, रास्ता पेठ इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतः दोघांचे फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. हे जन्मापासूनच असतं असं पुण्याजवळच्या गावांमधल्या अभ्यासातून दिसलं, आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली साडेतीन किलोची, पण वजनातला हा फरक चरबीत तेवढा नव्हता, कमी होते ते स्नायू. ग्लुकोज रिचवायची मोठी जागा म्हणजे स्नायू हे वर क्लॅम्पमध्ये सांगितलंच. तीच जागा लहान असेल तर जेवणानंतर आलेली साखर जायची कुठे? म्हणून आपल्याकडे कितीतरी जणांची फास्टिंग ९०-९५ असते आणि दोन तासांची १७०.

आणि नेमकी तीच दोन तासांची टेस्ट तुमच्या दोन्ही पॅकेजमध्ये नाही! ७५ ग्रॅम ग्लुकोजची जीटीटी करा. ‘पीपी’, म्हणजे जेवणानंतरची शुगर, नव्हे. पीपीला कोणी दोन इडल्या खाऊन येतं कोणी मिसळपाव खाऊन, त्याची तुलना कशाशी करणार. जीटीटीसाठी आदले तीन दिवस रोजचं वरण-भात-पोळीचं जेवण ठेवा, दिवसाला किमान १५० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. सध्या तुम्ही पोळी-भात बंद केलंय असं लिहिलंय, तसंच जाऊन टेस्ट केलीत तर दोन तासांचा आकडा खोटा जास्त येईल. रात्री आठ-दहा तास उपास, सकाळी चहाही नको. ७५ ग्रॅम हे पाणी नसलेल्या ग्लुकोजचं माप आहे, लॅबकडे मोनोहायड्रेट असेल तर ते ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं, विचारून घ्या. २५०-३०० मिलिलिटर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं, आणि पहिला घोट घेतल्यापासून वेळ धरायची. मळमळ वाटली तर थोडं लिंबू पिळा. उलटी झाली तर टेस्ट त्या दिवशी रद्द. मग दोन तास तिथेच बसायचं. खाली टपरीवर जाऊन सिगरेट नाही, गाडीचं काम करून येतो नाही, चालायलाही जायचं नाही, चाललात की स्नायू साखर उचलतात आणि आकडा फसवा कमी येतो. लॅपटॉप घेऊन जा. फास्टिंग, एक तास आणि दोन तास असं तीनदा रक्त द्या, बोटावरच्या ग्लुकोमीटरवर नाही, शिरेतून. दोन तासांना १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबेटिस, २०० पासून डायबेटिस, तोही दुसऱ्या टेस्टने पक्का केल्यावर. एक तासाला १५५ च्या वर असेल तर तोही इशारा मानावा असं आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने २०२४ मध्ये म्हटलंय. यातच पाच वेळा इन्सुलिनही घेऊन मात्सुदा इंडेक्स काढता येतो, १९९९ चं सूत्र आहे, होमापेक्षा क्लॅम्पच्या जास्त जवळ जातं कारण त्यात स्नायूही येतात. पण खर्च पाचपट आणि तुमचा निर्णय त्याने बदलणार नाही, म्हणून मी सांगत नाही.

मी जीटीटीचा एवढा आग्रह धरते त्याचं कारण हे की उपाय काम करतात याचा पुरावा याच आकड्यावर उभा आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने २००६ मध्ये छापलेल्या भारतीय अभ्यासात ५३१ माणसं होती, निवडलेली जीटीटीवर, होमावर नाही. नुसतं खाणं आणि चालणं सुधारून पुढच्या साधारण अडीच-तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र देऊन फारसा जास्त फायदा झाला नाही. म्हणजे तुमची दोन तासांची १६० आली तर मला माहीत आहे की काय केल्यावर किती फरक पडतो. होमा ३.४ वर असा पुरावा माझ्याकडे नाही.

एचबीएवनसी ५.८ बद्दल. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस हे खरं, पण हा आकडा लाल पेशी किती दिवस जगतात यावर अवलंबून असतो. लोह कमी असेल तर तो खोटा जास्त येतो, बी-१२ च्या कमतरतेतही येऊ शकतो आणि शाकाहारी घरांत ती सर्रास असते. रक्त गेलं असेल, पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी. घरात कोणाला थॅलेसेमिया मायनर किंवा सिकल सेल असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. म्हणून जीटीटीच्या दिवशीच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-१२ देऊन टाका. एका प्रिकमध्ये होतं.

सीजीएम लावायला माझी ना नाही, पण कशासाठी ते ओळखून लावा. तो पॅच रक्त मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो, जे रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतं. त्या कुशीवर झोपलात तर दाब पडून रात्री तीनला ५५ दाखवेल आणि तुम्ही घाबरून उठाल. आणि मुख्य म्हणजे त्यात इन्सुलिन दिसत नाही. सपाट सुंदर ग्राफ दाद चांगली असल्यामुळेही येतो आणि स्वादुपिंड मरमर करतंय म्हणूनही. सीजीएमवर प्रीडायबेटिसचं निदान करत नाहीत. नॉर्मल माणसाचीही साखर जेवणानंतर थोडा वेळ १४० च्या वर जाऊन येते, त्या प्रत्येक टोकाला घाबरायचं नसतं. पण साबुदाण्याची खिचडी आणि तेवढ्याच भुकेची ज्वारीची भाकरी-उसळ यात आपल्या अंगाचं काय होतं, रात्री जेवून पंधरा-वीस मिनिटं चाललं तर काय होतं, हे दोन आठवडे डोळ्यांनी बघायचं असेल तर जरूर लावा. माझे काही पेशंट हे बघूनच चालायला लागले, मी सांगून कधी चालले नव्हते.

हे सगळं तुमच्या माहितीवर. बीपी किती आहे ते लिहिलं नाहीत, फॅटी लिव्हर आहे का माहीत नाही, स्टेरॉइड किंवा मनाच्या आजाराची काही औषधं चालू असतील तर चित्र बदलतं. तुम्ही वजन झपाट्याने कमी होत असलेले आणि तहान-लघवी वाढलेले असता तर मी पूर्ण वेगळं उत्तर लिहिलं असतं आणि आजच लॅबला पाठवलं असतं. आणि जीटीटी येईपर्यंत थांबू नका, कंबर आणि ट्रायग्लिसराइड बघून काय करायचं ते आजच ठरलेलं आहे: आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलून स्नायू वाढवणं, रोज चालणं, रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर, आणि ते जागरण बंद करणं.

बहिणीचं. पीसीओएसमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स असतो हे गृहीतच धरतात, तो मोजून पीसीओएसचं निदान होत नाही आणि उपचारही ठरत नाहीत, म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही रोजच्या उपचारात तो मोजू नका असंच आहे. तिनेही होमावर पैसे घालवू नयेत, तिनेही ७५ ग्रॅमची जीटीटीच करावी, कितीही बारीक असली तरी. मूल व्हायचा विचार असेल तर आधीच करून घ्यावी, आणि दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना पीसीओएस आणि वडिलांचा डायबेटिस दोन्ही सांगून साखर तपासायला लावावी, ती चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत. तुमची जीटीटी झाली की तिन्ही आकडे, हिमोग्लोबिन आणि बीपी इथेच खाली लिहा, मी बघते.